आलं ठेचायचा दगड

लास्लोसाननी दगड जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं.

“लिंबू,” ते म्हणाले.

विभाने ओट्यावरचा साबण हळूच मागे सरकवला. जपानी रीतीने ‘सान’ म्हणवून घेणाऱ्या, शेजारच्या या हंगेरियन भूशास्त्रज्ञाने जन्मभर डोंगर फोडून जमवलेले दगड, घर रिकामं करताना तिच्याकडे सांभाळायला ठेवले होते. परदेशी निघालेली वस्तू मळकी कशी पाठवायची, म्हणून तिने ते ओट्यावर घेऊन लिंबाच्या साबणाने खसाखसा घासले. प्रत्येकावरची चिठ्ठी फेसाबरोबर ओजिमा वस्तीच्या गटारात गेली. चिठ्ठीशिवाय ते घेणारं बुडापेस्टचं संग्रहालय दगडाला दगडच म्हणणार होतं. करायला गेली गणपती, झाला मारुती!

“माफ करा हो. आता काय करायचं?”

“तुम्ही लिहा. मी चवीने ओळखतो.”

ते चाटत गेले, विभा लिहीत गेली. हा होक्काइदोचा, इथे अस्वल मागे लागलं होतं. हा क्यूशूचा, याच्यावरचा प्रबंध फक्त इलोनाने वाचला, तोही बायको म्हणून. म्हातारा खुलला तशी विभाही सावरली.

“काळा कुठाय?” ते एकदम थांबले. “बालातोन सरोवराकाठचा. तिथेच इलोनाला मागणी घातली. बाकीचे गेले तरी चालतील.”

इलोना जाऊन वर्ष झालं होतं. दोघंही घाईघाईने खोक्यात शोधू लागली. काळा दगड तळाशी निघाला. त्यांनी तो चाटला आणि त्यांचे डोळे भरून आले.

“हाच!”

दगडाच्या कडेचा टवका विभाच्या चांगलाच ओळखीचा होता. आईने साताऱ्याहून बॅगेत कोंबून दिलेला, तिचा आलं ठेचायचा दगड. ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते हसले.

“जरा तिखट लागतो. इलोनाही तशीच होती.”

विभाने चिठ्ठीवर ‘बालातोन’ लिहिलं. तो दगड मात्र खोक्यात गेलाच नाही, लास्लोसाननी कोटाच्या खिशात ठेवला.

त्यांना घेऊन टॅक्सी गेली. विभाला वाईट वाटत होतं, आणि का कोण जाणे, बरंही. ती घरात आली तर तिचा नवरा चारुदत्त चहा टाकत होता. त्याने ओट्याच्या कोपऱ्यातला काळा दगड उचलला.

“अगं, हा आपला नाही वाटत. टवका कुठे गेला?”

“ठेव तो खाली. त्याने आलं ठेचायचं नाही.”

“का?”

“त्याच्या साक्षीने लग्न ठरलंय,” विभा म्हणाली आणि तिने लाटणं घेतलं.