हॅमोचा गिल्बर्ट

यॉर्कशायरातल्या एल्डरविक गावात तेव्हा कुणालाच आडनाव नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. एका नावाची दोन माणसं झाली की गाव आपल्या सोयीने मागे शेपूट लावी. गिल्बर्ट दोन होते. एक तिरळा, त्याचं शेपूट ठरलेलंच. दुसरा हॅमोचा मुलगा, म्हणून तो हॅमोचा गिल्बर्ट.

हॅमो मोठ्या साथीत गेला तेव्हा गिल्बर्टचे दुधाचे दात पडत होते. त्या साली माणसं एकाच खड्ड्यात पुरली. कोण कुठे आहे हे पाद्र्यालाही सांगता आलं नसतं. बापाचा चेहरा गिल्बर्टला आठवत नसे. पण रोज कुणीतरी 'अरे हॅमोच्या' म्हणून हाक मारी आणि तेवढ्यापुरता बाप गावात असे. या हाकेचा त्याला फार आधार होता.

मग गावाने त्याला पिंडर केलं. पिंडर म्हणजे कोंडवाड्याचा राखणदार. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर हाकत न्यायचं, दगडी भिंतीआड कोंडायचं, मालकाने दंड भरला की सोडायचं. हे काम कुणालाच नको असे, कारण त्यात आज ना उद्या सगळ्या गावाच्या शिव्या खाव्या लागत. सेंट मायकेलच्या सणाला सभा बसली, सगळे आपापल्या पायांतल्या जोड्यांकडे बघू लागले आणि गिल्बर्ट तेवढा वर बघत राहिला. झालं, गळ्यात पडलं.

हिवाळा सरेपर्यंत हॅमोचा गिल्बर्ट संपला. जो तो पिंडर म्हणू लागला. शेजारच्या सर्लोचा बैल कोंडला तेव्हापासून तर सर्लोला चेवच आला. "पिंडर, जपून रे! जांभई देऊ नकोस, माशी शिरली तर तिलाही कोंडशील!"

गिल्बर्ट घरी आला की चुलीपुढे धुमसत बसे. "आई, बाबांचं नाव पुसलं गं या मेल्यांनी."

"पुसू देत. माझ्या तोंडून तो शब्द निघायचा नाही," इवेटा म्हणे. "तू हॅमोचा आहेस." म्हातारी हट्टी होती. एकदा बोलली की राजाचंही ऐकलं नसतं.

बार्ली पिवळी पडायला लागली आणि एका सकाळी इवेटाचीच गाय दावं तोडून सर्लोच्या शेताच्या पट्ट्यात शिरली. अर्धं गाव बांधावर उभं होतं. गिल्बर्टने कुणाकडे पाहिलं नाही. गाय हाकली, कोंडवाड्यात घातली, फाटकाला कुलूप लावलं.

कोंडवाड्याच्या फाटकाची एक जुनी रीत होती. तिथे नातं चालत नसे. मालकाने चारचौघांत पिंडरला 'पिंडर' म्हणूनच हाक मारायची, तरच फाटक उघडायचं. नुसत्या नावाने हाक मारली तर उघडायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. उद्या कुणी म्हणायला नको की घरचं म्हणून सोडलं.

इवेटा दंडाचे पैसे घेऊन आली. गायीचे सड दुधाने तटतटले होते, ती हंबरत होती.

"गिल्बर्ट, उघड."

गिल्बर्ट फाटकाला पाठ लावून उभा राहिला.

"अरे, जीव तळमळतोय तिचा. उघड ना, बाळा."

"नाही उघडता येत, आई."

सर्लो भिंतीला टेकून हसत होता. "बघू या! आईची गाय सुटते की माझाच बैल तेवढा पापी होता!"

गिल्बर्टचा हात किल्लीवर गेला. उघडलं असतं तर त्याचं ऐकणारं गावात कुणी उरलं नसतं आणि उभं पीक गुरांच्या पोटात गेलं असतं. नाही उघडावं, तर आईला तो एक शब्द बोलायला लावायचा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इवेटाने ते पाहिलं, सर्लोलाही पाहिलं. मग पदराला हात पुसतात तसे तिने डोक्याच्या फडक्याला हात पुसले आणि ताठ उभी राहिली.

"पिंडर," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "हॅमोची इवेटा आपली गाय मागायला आली आहे. सोड."

सर्लोचं हसू तिथेच थांबलं. गिल्बर्टने कुलूप काढलं. गाय बाहेर आली, तिच्यामागून म्हातारी चालू लागली, आणि तो तिच्या पाठीकडे बघत लहान मुलासारखा रडला. त्याची त्याला लाज वाटली नाही.

पुढच्या सणाला पिंडर दुसराच कुणी झाला, पण शेपूट गिल्बर्टलाच चिकटून राहिलं. थंडीत त्याच्या बायकोला मुलगा झाला. बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून शेजारचा सर्लोच उभा होता, आणि धर्मबापाने आपलंच नाव द्यायची चाल होती. गिल्बर्टने त्याला चर्चच्या दाराशी गाठलं.

"सर्लो, एवढं ऐक. तुझं नाव नको देऊस. हॅमो दे."

"आधी माझा बैल कोंडलास, आता नावही कोंडतोस?" सर्लो म्हणाला. पण पाद्र्याने विचारल्यावर त्याने मोठ्याने सांगितलं, "हॅमो."

हॅमो पिंडर. या पोराने जन्मात कुणाचं जनावर कोंडलं नाही, उलट गायींना घाबरायचा, तरी पिंडरच. तो अंगणात खेळत असला की इवेटा त्याला हाक मारी, "हॅमो!" पोरगं पहिल्याच हाकेला धावत यायचं. तरी म्हातारी आणखी एकदा हाक मारायचीच.