कोइंब्राची दाद

बेल्मीरू लिस्बनहून निघाला तो पोराचा कान धरून त्याला परत आणायचं ठरवूनच. तेल्मूने कायद्याची पुस्तकं बासनात गुंडाळली आहेत आणि दिवसभर नुसतं गाणं चालतं, हे त्याच्या कानावर आलं होतं. परत येऊन पोराने मासळीच्या गाळ्यावर बसावं, विषय संपला. त्याचं गाणं बापाने कधी ऐकलं नव्हतं. पण निघताना बायकोने बजावलं होतं, एकदा ऐका आणि मग काय ते करा. बायकोपुढे कुणाचं चाललंय?

संध्याकाळी तो कोइंब्रात, विद्यापीठाखालच्या लिओकादियाबाईंच्या खानावळीत शिरला. बाई गल्ल्यामागे पाव कापत होत्या.

"लिस्बनहून आलोय. आज इथे गाणंबिणं आहे का हो?"

"आहे की. बसा, वाइन घ्या."

"गातंय कोण?"

"तेल्मू म्हणून तुमच्या लिस्बनचाच पोरगा आहे. आज पहिल्यांदाच चारचौघांत उभा राहतोय."

"बरा गातो का?"

"ते मी कशाला सांगू? खोली सांगेल."

बेल्मीरूला हे पटलं. खोलीने नाक मुरडलं की पोराला गाडीत घालायचं. तो खांबाआड जाऊन बसला.

दिवे मंद झाले. काळ्या झग्यातली दोन पोरं गिटार घेऊन बसली आणि मधे तेल्मू उभा राहिला. गाणं नदीवर धुणं धुणाऱ्या आईचं होतं, जिचा मुलगा बोटीवर गेलाय. वरच्या सुरावर पोरगा इतका सहज चढला की बापाच्या हातातला पेला हातातच राहिला. असा गळा आपल्या घरात जन्मला आणि आपण त्याला मासे कापायला बसवणार होतो! बेल्मीरूला स्वतःची लाज वाटली.

गाणं संपलं. एकानेही टाळी वाजवली नाही. कोपऱ्यातला एक म्हातारा खाकरला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळी खोली घसे खाकरू लागली. बेल्मीरूचं डोकं फिरलं. लिस्बनमध्ये मासळीबाजारातली माणसंसुद्धा गाणाऱ्याशी असं वागत नाहीत. तो ताडकन उठला, एकट्यानेच कडाकडा टाळ्या पिटल्या आणि ओरडला, "पोराने जीव ओतला आणि तुम्ही खोकता? लाजा नाही वाटत?"

 लिओकादियाबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो लिस्बनकर, खाली बसा. आमच्याकडे गाणं काळजात गेलं की टाळ्या नाही वाजवत, घसा खाकरतात. आणि एवढं खाकरणं या खोलीत मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं."

तोवर तेल्मूने आवाज ओळखला होता. तो टेबलांमधून वाट काढत आला. चेहरा पांढराफटक पडलेला.

"बाबा, न्यायला आलात ना? निदान सांगा तरी, कसं झालं?"

सगळे बेल्मीरूकडे बघत होते. आता रीत कळली होती. त्याने खाकरायला तोंड उघडलं, पण घसा असा दाटून आला होता की साधं खाकरणंसुद्धा जमेना.