वाघाचा पिक्चर

"अन् हिरो मरतेच कशाले? सांगा ना बाप्पा! आत्ताच तर त्यानं अख्खी टोळी लोळवली, मंग एका गोळीत कसा मरते?" गुणवंतरावांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "सारा वेळ फुकट गेला. इंटरव्हलचा समोसा तेवढा बरा होता."

टपरीवर हशा पिकला. गुणवंतराव एसटीचे कंडक्टर. मुलचेऱ्याहून चंद्रपूरकडं जाणारी त्यांची गाडी रोज सकाळी या फाट्यावर चहापुरती थांबे, आणि सुट्टीत त्यांनी चंद्रपुरात जे काही पाहिलं असेल त्याचा निकाल इथं लागे. तरुणपणी, इकडं गावोगावच्या मंडपांत रंगणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी काही हंगाम काम केलं होतं, त्यामुळं फाट्यावर त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते नको म्हणाले की लोक तो पिक्चर मोबाईलवरसुद्धा बघत नसत.

"दुसरा पाह्यला तो भुताचा. भूत कमी अन् दारंच जास्त वाजून राह्यले. एखाद्या सुतारालेच हिरो घ्याचं होतं."

"अन् तो वाघाचा?" भट्टीमागून टपरीवाल्या नीलाबाईनं विचारलं. "तो पाह्यला का भाऊ?"

हेच ती आठवडाभर विचारत होती. का विचारत होती ते बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या गुणवंतरावांना सोडून. त्या पिक्चरमध्ये, वाघानं मारलेल्या माणसाच्या उशाशी बसलेली बाई नीलाबाईच होती. मागच्या उन्हाळ्यात नागपूरची माणसं जवळच्या गावात शूटिंग करायला आली होती, तेव्हा तिला घेऊन गेली. आता तीच माणसं दुसऱ्या पिक्चरसाठी बोलावत होती आणि आज फोन करणार होती. जायचं तिच्या फार मनात होतं. पण आपल्याला जमतंय की लोक हसतायत, हे सांगणार कोण? गुणवंतभाऊंनाच कळतं त्यातलं, म्हणून त्यांना आधी काही सांगू नका, अशी तिनं सगळ्यांना तंबी दिली होती. भाऊंनी मुलाहिजा न ठेवता बोलावं, असं तिला वाटत होतं.

"पाह्यला तर!" गुणवंतरावांनी बशी खाली ठेवली. "जंगल झकास. वाघ दाखवलाच नाई, तेबी बरं केलं. पण ते बाई! अरे बाप्पा, ते बाई कुठून धरून आणली?"

बाकावर बसलेला जंगू खोकला. मग पुन्हा खोकला. बाकीच्यांनी तोंडाशी नेलेले कप तसेच धरले. आज लोक भलतेच मन लावून ऐकतायत, असं गुणवंतरावांना वाटलं आणि ते उठून उभेच राहिले.

"घरवाला मेला ना तिचा? समोर पडला ना? अन् ही दगडावानी बसून! डोळ्यात टिपूस नाई. वरतून उठते अन् आल्यागेल्याले पाणी देते! आपल्या झाडीपट्टीत असं केलं असतं तर लोकाइनं चपला फेकल्या असत्या. रडाचा सीन म्हणजे कसा, मंडपातली मागची म्हातारी रडली पायजे. असा..." आणि ऊर बडवून, गळा काढून त्यांनी तो सीन करूनच दाखवला. एरवी या नकलेला टाळ्या पडत.

आज कुणी हसलं नाही.

"भाऊ," जंगू खाली मान घालून म्हणाला, "ते बाई म्हणजे आपली नीलाबाई हाय."

गुणवंतरावांचा हात छातीवरच राहिला. इतकी वर्षं जिच्या हातचा चहा प्याले, तिचं तोंड पडद्यावर भिंतीएवढं दिसलं, तरी त्यांनी ओळखलं नव्हतं. काहीतरी हातात हवं म्हणून त्यांनी रिकामी कपबशी उचलली.

"नाई... मी आपलं गमतीनं... काम तर तुमचं बाई..."

"असू द्या भाऊ." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी पिक्चरच्या सरले पुसलं होतं, रडू का म्हणून. ते म्हणाले, तुमचा घरवाला पोचू गेला त्या दिवशी झालं तसं करा. मी तसंच केलं. पोचू मोहफुलं येचाले गेला अन् वाघानं धरला, त्या दिवशी रडाले फुरसत कुठी होती? वनवाले आले, पोलीस आले, सारं गाव आलं. साऱ्याइले चहा पायजे. तुमची गाडीबी आली होती. तुमाले मीच देल्ला चहा."

गुणवंतरावांना आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. गर्दी कशाची म्हणून त्यांनी विचारलं होतं. नीलाबाईच्या नवऱ्याला वाघानं मारलं, असं कुणीतरी सांगितलंही होतं. तरी कप ठेवताना ते म्हणाले होते, बाई, आज साखर कमी पडली. हे तिला आठवत होतं की नाही, देव जाणे. विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"बरं झालं, कळलं," नीलाबाई म्हणाली. "दुसऱ्या पिक्चरले बोलावून राह्यले. तुमाले पुसूनच ठरवाचं होतं."

"माझं काई ऐकू नका! मी भैताड माणूस. तुमी जा बाई, हात जोडतो."

"आता ते बाई मी हाय हे कळलं म्हणून म्हणता तुमी." ती हसली. "आधी बोलले ते खरं."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गुणवंतराव जागचे हलले नाहीत. तेवढ्यात नीलाबाईचा फोन वाजला आणि तिनं पदराला हात पुसून तो उचलला.

"हो सर... नाई सर, मले नाई जमणार... कोणी काई वाईट नाई बोललं. आमच्या इथी एक जाणकार माणूस हाय, नाटकात काम केलेला. त्यायले पुसलं मी." गुणवंतरावांना ऐकू जाऊन वाईट वाटू नये म्हणून तिनं आवाज हळू केला. "त्यायचं चुकत नाई सर."

सरांशी स्वतःच बोलावं म्हणून गुणवंतरावांनी फोन मागायला हात पुढं केला. तिला वाटलं, भाऊंचा चहा झाला, ते कपबशी देतायत. तिनं त्यांच्या दुसऱ्या हातातली कपबशी काढून घेतली, फोन खांद्याशी दाबला आणि ती विसळू लागली.