फ्रीजमधला वेगळा डबा

आत्याने तीस वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर शाळा थेट घरात आणली. विद्यार्थिनी दोनच, दोघी भाच्या. थोरली ताई पहिल्या नंबरची, महिन्यापूर्वीच बाळंत झालेली. धाकटी कायमची नापास, कारण तिच्या कोपरांवर आणि हातांच्या पाठीवर सोरायसिसचे लाल, खपल्या सुटणारे चट्टे होते.

"लागतं ते!" आत्याने जाहीर केलं, की विषय संपला. धाकटीचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर, कप वेगळा. दर पंधरवड्याला ती घ्यायची ते पेनसारखं इंजेक्शनसुद्धा फ्रीजच्या तळाशी, वेगळ्या डब्यात. जसे काही चट्टे सीलबंद पेनमधून उतरून दुधावर जाऊन बसणार होते! हे लागत नाही, असं तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. आत्याने त्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि तो परत केला.

बाळ आलं आणि हद्द झाली. धाकटी शिवणकाम करायची. तिने शिवलेली झबली चालत होती, तीनदा उकळून. शिवणारे हात मात्र चालत नव्हते. महिनाभर तिने भाच्याला दारातूनच पाहिलं. ताईला वाईट वाटायचं, पण आत्यापुढे ब्र काढायची तिची छाती नव्हती. "पुढे बघू गं," म्हणायची. पुढे म्हणजे कधी, त्याच्या लग्नात? येत्या रविवारी तर ती बाळाला घेऊन सासरी निघाली होती. धाकटीला रडू यायचं आणि रागही यायचा, राग जरा जास्तच.

आत्याचं दुखणं मात्र खानदानी. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी तासभर मूठ वळायची नाही. "खडू धरून धरून झालंय," ती ऐटीत सांगायची. गोळ्यांनी भागेना, तेव्हा धाकटीच तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, मग धाकटीचे हात पाहिले. "बाई, यात खडूचा काही दोष नाही. अंगातली राखणदार फौजच आपल्या घरावर उलटते. तुमच्याकडे सांध्यांवर, हिच्याकडे कातडीवर. रोग दोन, पण फौजेला चिथावणारा एक निरोप दोन्हीकडे सारखाच. तो अडवायचा. म्हणून तुम्हालाही हिचंच इंजेक्शन."

"म्हणजे हिचं मला लागलं!"

"लागत नाही हो. कुणाचंच कुणाला नाही. फार तर अशी प्रवृत्ती घराण्यात असते. तुमचे सांधे कधीपासून दुखतात?"

"बारा वर्षं."

"आणि हिचे चट्टे?"

"चार," आत्या म्हणाली. धाकटी पंख्याकडे बघत बसली, नाहीतर तिला हसू फुटलं असतं.

घरी येताच आत्याने आपलं इंजेक्शन मुकाट्याने त्याच तळाच्या डब्यात ठेवलं. दुधाजवळ नको, हा नियम तिचाच ना! शनिवारी ते घ्यायची वेळ आली, तेव्हा पेनचं बटण दाबायला तिच्या बोटांत जोर नव्हता. ताई सुईच्या नुसत्या नावाने पांढरी पडली.

"तूच दे," आत्या पुटपुटली. तिच्या मांडीवर बाळ होतं, महिनाभर असायचं तसंच.

धाकटीने दोन्ही हात तिच्यासमोर धरले, चट्टे वर करून. "हे चालतील?"

आत्याने घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ बिचारं काय मदत करणार? "चालतील," ती म्हणाली.

"मग फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवते. गार असलं की झोंबतं. तोवर बाळ दे माझ्याकडे."

"अगं, पण..."

"आत्या, औषध तुझं आणि माझं एकच. माझ्याकडे नको, तर तुझ्याही मांडीवर नको. सांग, उचलू?"

ताई आत्यापुढे पहिल्यांदाच बोलली, "आत्या, दे तिला."

आत्याने बाळ दिलं. त्याने धाकटीचं बोट मुठीत घट्ट धरलं आणि चट्ट्यावर यथेच्छ लाळ गाळली. धाकटी रडता रडता हसत होती.

अर्धा तास उलटला. "झालं असेल ना गं आता?" आत्याने हळूच विचारलं.

"बस जरा," धाकटी बाळावरून नजर न काढता म्हणाली, "अजून गार आहे."