बाद फेरीचा दिवस

हाताखालच्या दगडात एक पांढरी शीर होती. अर्ध्यापर्यंत ती सरळ येत होती आणि मग कुठेतरी आत वळून दिसेनाशी होत होती. घाव शिरेवर घालावा की शिरेशेजारी, हे ठरेना, म्हणून मच्छिंद्र तो दगड नुसताच फिरवत राहिला... क — बड् — डी. पहिल्या घावाला क, दुसऱ्याला बड्, तिसऱ्याला डी. सकाळपासून दगड असेच फुटत होते, ओठ न हलवता, शेजारी बसलेल्या बायकोला, हरणाबाईला, कळू नये अशा बेताने. आणि तिला ते कळलं आहे हेही त्याला ठाऊक होतं.

दुष्काळी कामाचा हा रस्ता मुरुम गावाच्या बाहेर येऊन थांबला होता. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, ढिगांमागे माणसं, आणि माणसांच्या तोंडी आज एकच विषय होता — कोणता संघ सगळ्यात तगडा. मुरुमच्या मैदानावर भरलेल्या कबड्डीच्या सामन्यांत चार संघ उरले होते : सोलापूरच्या एका गिरणीचा, एका साखर कारखान्याचा, पोलिसांचा, आणि चौथा ह्या खडीवरचा, ज्याची आज गिरणीशी गाठ होती. चौथ्याला लोक ‘खडी’ म्हणत. आधी चिडवायला म्हणत होते, परवापासून जरा वेगळ्या सुरात म्हणत होते.

“गिरणीच,” वीरप्पा म्हणाला. म्हातारा मुरुमचाच, पंधरा एकरांचा मालक. विहीर आटली तसा खडीवर आला होता. “त्यांना खेळायचाच पगार हाय. हजेरी यंत्रावर लागती आन् गडी मैदानात असतो.”

“आप्पा, तुमी कारखान्याचे गडी बघितले का?” पलीकडच्या ढिगावरून सिताबाई म्हणाली. “दंड न्हवं ते, उसाच्या मोळ्या. धरला की सोडत न्हाईत.”

“धरायला हातात गावला तर. गिरणीचा चढाईवाला म्हंजे साबण हाय, सिताबाई.”

“आन् पोलीस?”

“पोलिसांना पळायची सवय न्हाय. दुसऱ्याला पळवायची हाय.”

हशा पिकला. हसता हसता वीरप्पाची नजर मच्छिंद्रकडे आली आणि तो थांबला. तो थांबला तसे सगळेच थांबले.

“आपली खडीबी काय कमी न्हाय,” वीरप्पा म्हणाला. “कल्याणप्पाची पकड हाय. मच्छिंद्राचा दम तर अख्ख्या तालुक्यात न्हाय. फक्त, मच्छिंद्रा... आज काय म्हणणार, आदीच सांगून ठेव. कबड्डी, का आपलं ते?”

“तुमी म्हणाल ते, आप्पा,” मच्छिंद्र म्हणाला, आणि हातोडी हाणली. दगड शिरेच्या भलत्याच बाजूने फुटला.

आपलं ते. — परवाच्या सामन्यात दोघांना हात लावून तो परत फिरला होता, मध्यरेषा चार पावलांवर होती, लोक उभे राहिले होते, आणि पंचाची शिट्टी वाजली. पंच म्हणाला, शब्द चुकला. कबड्डी म्हणायचं, हुतुतू नाही, नियम आहे. हात लावलेले दोघंही आपापल्या जागी परत गेले, त्यातला एक हसत. सामना कल्याणप्पाच्या शेवटच्या पकडीने कसाबसा हाती आला म्हणून बरं. पण पुढच्या खुर्चीत चेअरमन बसले होते. नवीन सहकारी कारखाना उभा राहतोय, त्याचे चेअरमन. ह्या सामन्यांतले दोन गडी ते कारखान्यात कायम घेणार आहेत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी लाउडस्पीकरवर सांगितलं होतं. शिट्टी वाजल्यावर ते शेजारच्या माणसाकडे वाकून काहीतरी विचारत होते... काय विचारत असतील? हा कोण? की, ह्याला साधा शब्द येत नाही का?

परवा घरी परतताना हरणाबाईने विचारलं होतं, “कायम म्हंजे, पाऊस पडला न्हाय तरी?”

“व्हय. न्हाय पडला तरी.”

मग ती रस्ताभर बोटांवर काहीतरी मोजत चालली. तिचं ते मोजणं त्याला चेअरमनच्या वाकण्यापेक्षा जड वाटलं होतं. माझं वय आता तेहतीस. पुढच्या वर्षी ह्या पायांना कोण बोलावणार आहे? जे काय व्हायचं ते ह्या बाद फेरीत — आणि आडवा कोण येतोय, तर गिरणी नाही, कारखाना नाही, माझीच जीभ.

पहिला दम हिशेबात असतो. कबड्डी, कबड्डी — तोवर डोकं जागं असतं. पण समोरची साखळी पुढे सरकली, छातीत वारा कमी पडायला लागला, की डोकं मागे राहतं आणि तोंडात ते जुनं येतं. आपल्या वस्तीखालच्या नदीच्या वाळूतलं. शाळेच्या मैदानावर तेव्हा आपल्या पोरांना कोणी खेळायला घेत नव्हतं. तिथे मास्तर कबड्डी शिकवत होते आणि इथे वाळूत संध्याकाळभर हुतुतू घुमत होतं. तिथेच दम वाढला. मग त्याच दमातून तो शब्द काढून कसा टाकायचा? चाळणीने गाळता येतो का वारा...

“येळकोट!” सिताबाई म्हणाली आणि खडीचं घमेलं एका हिसक्यात डोक्यावर गेलं.

मच्छिंद्रची हातोडी वरच राहिली.

बाबा असंच म्हणत. कोंडिबा — अणदूरच्या खंडोबाला दरसाल पायी जाणारा माणूस. ओझं उचलायचं तर येळकोट म्हटल्याशिवाय हात वर जायचा नाही. छप्पन्नमध्ये दीक्षा घेतली, देवळीतले देव टोपलीत घालून नदीला सोडून आले, घर सारवून घेतलं. सगळं एका दिवसात झालं. तोंडाचं मात्र झालं नाही. दुसऱ्याच दिवशी ज्वारीचं पोतं उचलताना “येळको—” एवढं तोंडातून निघालं आणि बाबा जागच्या जागी थांबले. आम्ही पोरं भिंतीला चिकटून उभी. आता बाबा स्वतःच्या थोबाडीत मारून घेतील असं वाटलं. त्यांनी पोतं खाली ठेवलं. आणि हसले. पोट धरून हसले. मग “जय भीम” म्हणून पोतं पुन्हा उचललं.

आईने विचारलं होतं, असं किती दिवस चालायचं?

“मानूस नवा झालाय,” बाबा म्हणाले होते, “तोंड जुनं हाय. येईल मागनं चालत.”

आणि आलं. वर्ष लागलं, की दोन... बाबा दर वेळी थांबत, हसत, पुन्हा उचलत. शेवटचं “येळको—” कधी झालं ते घरात कोणालाच सांगता आलं नसतं. त्या माणसाने एकदाही तोंडाला दटावलं नाही. आणि मी सकाळपासून काय करतोय? एकेक दगड घेऊन जिभेला मारतोय.

हातोडी त्याने खाली ठेवली.

“काय झालं?” हरणाबाईने विचारलं.

“काय न्हाय. सुकडी हाय का उरलेली?”

कामावर खायला मिळालेली मूठभर सुकडी तिने फडक्यातून काढून त्याच्या हातावर ठेवली. खाताना तो एकटाच हसला, तेव्हा मात्र तिने चमकून पाहिलं. “गिरणीसंगं खेळायचंय,” ती म्हणाली, “आन् ह्यांना हसू येतंय.”

मुकादमाने खेळणाऱ्यांना दुपारनंतर सोडलं. मैदानावर चुन्याच्या रेषा नव्याने मारल्या होत्या. पाणी मारायला पाणी नव्हतं, त्यामुळे माती पीठ झाली होती. रेषेपलीकडे गिरणीचे सात जण उभे होते, एकसारख्या निळ्या बनियनमध्ये. त्यांच्या पोटऱ्या पाहिल्या तर वीरप्पाचं खोटं नव्हतं. तगडा संघ कोणता, हे इथून तर लहान पोरालाही सांगता आलं असतं.

पहिली चढाई खडीची होती. कर्णधार कल्याणप्पा कानाशी आला. “मच्छिंद्रदादा, कबड्डी. ध्यानात हाय न्हवं? कबड्डी.”

“ध्यानात हाय. आन् चुकलो तर हसू नको, म्याच हसतो.”

कल्याणप्पाला त्यातलं काही कळलं नाही. मच्छिंद्र वाकला, रेषेजवळची माती कपाळाला लावली आणि वर पाहिलं. चेअरमन खुर्चीत होते, असू देत. लोकांत हरणाबाई कुठे आहे ते दिसलं नाही. मग त्याला एक वेगळीच गोष्ट दिसली. गिरणीचा डावा कोपरा, तो साबणासारखा चढाईवाला, मधली साखळी — सातही जण त्याच्या तोंडाकडे बघत होते. परवाचा सामना त्यांनीही बघितला होता. ते शिट्टीची वाट बघणार होते. पगारी, तयारीची माणसं, आणि सगळ्यांची नजर ह्या एका जुन्या तोंडावर... म्हणजे पायांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

त्याने पोटापासून दम भरला. आत गेला तेव्हा तो नुसता वारा होता, त्यात अजून कोणताच शब्द नव्हता. पुढे कोणता येईल हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घ्यायची घाईही उरली नव्हती — उजवं पाऊल आधीच रेषा ओलांडून डाव्या कोपऱ्याकडे वळलं होतं.