फोटो न मागणारी यादी

मी एक जुना शॉर्टकोड आहे. मित्रांनो, आधीच कबूल करतो, माझ्या वर बसलेल्या त्या नव्याचा मला भयंकर हेवा वाटतो.

मी म्हणजे चौकोनी कंसांत लिहिलेली एक ओळ. वेबसाइटला जोडायच्या एका छोट्या प्रोग्रॅमने, म्हणजे प्लगइनने, मला घडवलं आणि वाचनगृहाच्या चिटणीस रादकाबाईंनी गावाच्या वेबसाइटवर पहिल्या पानावर बसवलं. ‘नवं ते वर, दहा नोंदी, फोटो नको,’ एवढंच माझ्यात लिहिलेलं. बाईंनी काही लिहिलं की त्याचं नाव आणि तारीख मी यादीत आणायचो. गावात आता चौदाच चुली पेटतात, बाकी सगळे शहरात, सोफियात नाहीतर प्लोवदिवमध्ये. कोणाचं लग्न, कोणाची सहामाही, म्हणजे मृत्यूला सहा महिने झाल्यावरची प्रार्थना, त्यांना माझ्याकडूनच कळायचं. अकरा वर्षं मी चुकलो नाही.

मग बाईंची भाची इवेलिना सुट्टीला आली.

“आत्या, पहिल्या पानावर ही वाण्याची यादी कशाला लावलीयेस?”

“चाललंय की. कोणाची तक्रार नाही.”

“तक्रार करायला कोणी बघायला तर हवं!”

तिने नवा शॉर्टकोड आणला. तीन रांगा, मोठाले फोटो, रंगीत चौकटी. फोटो नसेल ती नोंद दाखवायचीच नाही, असं तिने त्याला बजावलं. मला काढून कोणाला न दिसणाऱ्या एका मसुद्यात टाकलं. सगळे त्याचंच कौतुक करत सुटले आणि माझा जळफळाट झाला.

सप्टेंबरात मिन्को आजोबांनी बायकोच्या सहामाहीची सूचना फोनवरून सांगितली. त्यांच्या स्तान्काने गावातली तीन पिढ्यांची पोरं शिकवलेली. बाईंनी नेहमीसारखी नुसती अक्षरं टाइप केली. नव्याने ती नोंद गाळली. मला खरं सांगायला हवं, मी खूश झालो. होऊ दे त्याची फजिती, म्हटलं.

सोमवारी आजोबा, गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात त्या उकडलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन वाचनगृहात आले.

“घे गं रादका, संपव. तू आणि चार म्हाताऱ्या सोडून कोणी आलं नाही. तिने शिकवलेलं एक पोर नाही. चाळीस जणांचे शिजवले होते मी.”

माझा आनंद तिथेच संपला. बाईंनी शोधाशोध केली, चूक सापडली आणि त्यांनी मला नव्याच्या खाली परत बसवलं.

“फोटो लागतो होय? मग आधी सांगायचं की!” आजोबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरची तसबीरच काढून आणली. नव्याच्या चौकटीत स्तान्काबाई हसू लागल्या, हातात खडू. आजोबांनी पडद्याला बोट लावलं. खाली माझ्यापर्यंत ते आलेच नाहीत.

अकरा वर्षं मी कोणाकडे फोटो मागितला नाही, म्हणून कोणी आणला नाही. ती सवय मीच लावली होती.

मार्चमध्ये वर्ष झालं तेव्हा सोफियाहून गाडी भरून माणसं आली. पातेलं रिकामं परत गेलं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. फक्त जुनं काढताना, त्याच्या यादीतलं कोणी बाहेर तर राहिलं नाही ना, एवढं बघा.

हेवा मात्र गेलेला नाही. त्याच्याकडे तिचा चेहरा आहे, माझ्याकडे नुसतं नाव.