सात किलोंची दया

शिंपीकाकांची नजर म्हणजे तराजू. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचं वजन ते बसल्या जागी पावकिलोच्या फरकानं सांगत. गिऱ्हाईक जेवून आलंय की उपाशी, हे एकदा त्यांनी नुसत्या सावलीवरून ओळखलं म्हणतात. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण या नजरेपायीच वीस वर्षं त्यांना मुष्टियुद्धाचे पंच म्हणून बोलावणं येई, हे खरं.

आणि त्याच नजरेनं घात केला.

व्यायामशाळेत अंतिम सामना होता. गट खुला, वजनाची अट नाही. जिंकेल त्याला तिथल्या प्रशिक्षकाची नोकरी. एकीकडे डोंगर, दुसरीकडे चिमणी. आईबापांनी ठेवलेली नावं कुणाच्याच लक्षात नव्हती. काकांनी बघताक्षणी ताडलं, सात किलोंचा फरक. मग डोंगराचा ठोसा बसला की त्यांना वाटे, हत्तीनं सोंड हलवली, त्यात पराक्रम कसला? चिमणीचा नुसता चाटून गेला तरी पेन्सिल आपसूक चाले. बाकीच्या दोन पंचांचा कौल एकेकाला गेला. काकांच्या कागदावर चिमणी जिंकला. लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

घरी काका ताटातला भात नुसता चिवडत बसले.

"अहो, बिनसलंय काय?" काकूंनी विचारलं.

"मारलं जास्त डोंगरानं. जिंकवलं मी चिमणीला."

"ते का?"

"अंगानं लहान आहे गं तो."

"असं होय! मी तुमच्यापेक्षा पंधरा किलो जड. मग आपल्या भांडणात तुम्हाला जास्तीचे गुण का?"

"सतरा," काका सवयीनं म्हणाले आणि उरलेल्या जेवणालाही मुकले.

सकाळी दुकान उघडतात तोच डोंगर दारात. हातात निळं कापड.

"काका, प्रशिक्षकाच्या कोटासाठी घेऊन ठेवलं होतं. उतावळा नवरा, दुसरं काय! आता चिमणीला शिवून द्या. त्याचे दोन होतील."

काकांनी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता स्टुलावर बसला. स्टूल करकरलं.

"सवय आहे हो. धाकट्याशी भांडण झालं की पहिली थप्पड मलाच. 'एवढा घोडा झालास' म्हणायची आई. काल हात राखूनच मारत होतो. वाटलं, मोडेल बिचारा."

पंचानं स्वतः चूक कबूल केली तर दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत निकाल फिरवता येई. पंचाची खुर्ची मात्र कायमची जाई. काकांनी दुकान तसंच उघडं टाकून व्यायामशाळा गाठली.

चिटणिसांच्या टेबलाशी चिमणी नेमणुकीच्या कागदावर सही करायला वाकला होता. काकांना बघून त्याचा चेहरा उजळला.

"काका, मला कुणी खिजगणतीत धरत नाही. तुम्ही धरलंत."

झालं! तोंड मिटून परत फिरायचं, असं पायांनी ठरवूनही टाकलं होतं.

"सही करू नकोस, बाळा," ते म्हणाले. "काल तू हरलास. गुण मी चुकीचे दिले."

चिटणीस चष्मा शोधू लागले. चिमणीनं पेनाला टोपण लावलं.

"मला वाटलं होतं, मी बरा लढलो."

बरा लढला होताच तो. काकांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण आता त्यांच्या तोंडून ते त्याला खरं वाटलं नसतं.